धोंड्याखालचे बिऱ्हाड

गेल्या वर्षी मे महिन्यात मुलीकडे जपानला जाणे झाले. ती नागोयात राहते, आणि तिथून जवळच, गिफू प्रांतातील काकामिगाहारा येथे गोड्या पाण्यातील जीवांचे एक मोठे मत्स्यालय आहे. त्याची रचना मला फार आवडली. आधी थेट सगळ्यात वरच्या मजल्यावर जायचे, तेथे नागारा नदीचा उगम. मग एकेक मजला उतरत नदीबरोबरच मुखापर्यंत यायचे. ब्रह्मगिरीवरून निघून राजमहेंद्रीला पोहोचावे तसे हे उतरणे, फक्त दोन तासांत आटोपणारे. उगमाजवळच्या एका टाकीपुढे मी थांबलो. पाणी एका बाजूने जोरात सोडलेले होते, तळाशी नारळाएवढे गोटे रचलेले होते, आणि मासा म्हणाल तर एकही दिसत नव्हता. सात वर्षांच्या नातवाने काचेला नाक लावून पाहिले, "आजोबा, यात काहीच नाहीये, खाली मोठे मासे आहेत, चला ना," असे म्हणून तो आईचा हात धरून निघूनही गेला. मी मात्र उभा राहिलो. तीस वर्षे जीवशास्त्र शिकवल्यावर एवढे तरी कळते, की रिकाम्या टाकीवर कोणी पाटी लावत नाही.

दहा-बारा मिनिटांनी एका गोट्याच्या बुडाशी काहीतरी हलले. आधी शेपूट दिसली, कावेने सारवल्यासारखी तांबडी, टोकाला गोल. ती पुन्हा आत गेली आणि त्याच फटीच्या दुसऱ्या तोंडातून चपटे डोके बाहेर आले. डोक्याला मिशांच्या चार जोड्या होत्या आणि डोळे इतके बारीक होते, की मिशा नसत्या तर पुढची बाजू कोणती, असा प्रश्न पडला असता. मासा माझ्या मधल्या बोटापेक्षा थोडा मोठा असेल. तो पोहत बाहेर आला असे म्हणता येणार नाही. तो गोट्याला अंग घासत, वळणाबरोबर स्वतःही वळत, सरपटत बाहेर आला, मिशांनी खालची वाळू चाचपली, आणि प्रवाह अंगावर येताच शेजारच्या फटीत शिरला. सगळा मिळून अर्ध्या मिनिटाचा खेळ. पाटीवरचे नाव मुलीने परत आल्यावर वाचून दाखवले: आकाझा. जपानी भाषेत 'आका' म्हणजे तांबडा.

घरी आल्यावर या माशाच्या मागे लागलो, आणि गेले वर्षभर जमेल तसे वाचतो आहे. त्याचे शास्त्रीय नाव लिओबॅग्रस राइनी. ते 1878 मध्ये फ्रान्झ हिल्गेनडॉर्फ या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने दिले. हा गृहस्थ 1870च्या दशकात तोक्योला वैद्यकशाळेत शिकवत होता, आणि जपानी विद्यार्थ्यांना डार्विनचा सिद्धान्त सर्वांत आधी सांगणाऱ्यांपैकी एक होता. त्याआधी जर्मनीतील श्टाइनहाइम येथील गोगलगायींच्या जीवाश्मांवरून एका जातीतून दुसरी जात कशी निघत जाते हे त्याने थर लावून दाखवले होते. माशाच्या नावातला 'राइन' हा योहानेस राइन, म्हणजे त्याच दशकात जपानभर फिरून तिथल्या कारागिरीचा आणि भूगोलाचा अभ्यास करणारा जर्मन भूगोलतज्ज्ञ. जपानमध्ये होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या तीन बेटांवरील नद्यांच्या वरच्या आणि मधल्या टप्प्यात आकाझा राहतो. जपानबाहेर तो कोठेही नाही.

आकाझा हा मार्जारमीन, म्हणजे मांजरासारख्या मिशा असलेला मासा (कॅटफिश). मार्जारमीन म्हटले की आपल्याकडे मागूर, शिवडा किंवा शिंगाडा डोळ्यांसमोर येतो, म्हणजे संथ डोहातला, धरणातला, बाजारात तराजूवर बसणारा मासा. आकाझा ज्या कुळातला आहे ते ॲम्ब्लिसिपिटिडी कुळ मात्र खळाळत्या पाण्याचे आहे. पाकिस्तानपासून हिमालयाच्या पायथ्याने पूर्वेकडे, आग्नेय आशियातून चीन, तैवान, कोरिया आणि जपानपर्यंत त्याचा पसारा आहे. त्यातल्या बहुतेक जाती वितीच्या आत मावणाऱ्या आहेत. अंगावर खवले नाहीत. पाठीवरचा पहिला पर डोक्याच्या जवळ, आणि तोही जाड कातडीत असा गुंडाळलेला, की काटा हाताला लागेपर्यंत दिसत नाही. त्यामागे चरबीचा एक लांब, बुटका पर असतो, आणि आकाझात तो थेट शेपटीच्या पराला जाऊन मिळतो. त्यामुळे माशाचा मागचा अर्धा भाग पट्टीसारखा सलग दिसतो. डोंगरी ओढ्यांतील अनेक माशांचा वाताशय आक्रसलेला असतो. तरंगण्यासाठी लागणारी ही हवेची पिशवी डोहातल्या माशाला हवी असते. ज्याला तळाला धरून राहायचे आहे त्याला तरंगणे म्हणजे वाहून जाणे.

शाळेत मी मुलांना 'प्रवाहाशी झुंजणारे मासे' असे शब्द कितीदा सांगितले असतील, आणि आता वाटते की ते शब्द चुकीचे होते. खळाळात राहणारे सगळेच मासे प्रवाहाशी झुंजत नाहीत. वाहत्या पाण्याचा वेग वरच्या बाजूला जास्त असतो. तळाच्या दगडांशी घासून तो कमी होत जातो, आणि दगडाच्या मागे व खाली तर पाणी जवळजवळ थांबलेले असते. आकाझा दिवसभर तेथेच असतो. त्याला वेग नको असतो, वेगाबरोबर येणाऱ्या दोन गोष्टी हव्या असतात: दगडांवर आपटून प्राणवायू मिसळलेले गार पाणी, आणि त्या पाण्यावर जगणाऱ्या मेफ्लाय, कॅडिसफ्लाय यांसारख्या कीटकांच्या अळ्या. रात्र पडली की तो बाहेर निघतो, मिशांनी दगडांच्या कडा धुंडाळतो, अळ्या वेचून खातो आणि पहाटेपूर्वी पुन्हा एखाद्या दगडाखाली जातो. नळाच्या धारेशेजारी राहून धारेत न भिजण्यासारखे हे जगणे आहे. चपटे डोके, बारीक डोळे, लवचीक शेपूट ही सारी फटीची मापे आहेत. अंगाला फटीत बसवता बसवता मासा असा झाला आहे.

काट्यांबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे माझा स्वतःचा हिशेब आहे. आकाझाच्या पाठीवरच्या आणि छातीजवळच्या परांत काटे असतात आणि त्या काट्यांना विष असते. मासा हातात धरणाऱ्याला ते टोचतात आणि चांगलीच आग होते. विषारी मार्जारमीन म्हणजे काही अपूर्वाई नाही. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेरेमी राइट यांच्या अभ्यासात मार्जारमीनांच्या किमान 1,250 आणि कदाचित 1,600 हून अधिक जाती विषारी असाव्यात, असा अंदाज मांडला होता; म्हणजे या एका गटातच सापांच्या विषारी जातींपेक्षा जास्त भरणा आहे. यांचे विष सापासारखे दातातून सोडले जात नाही. काट्याच्या कडेने कातडीत विषग्रंथी असतात. काटा टोचताना ती कातडी फाटते आणि विष जखमेत उतरते. शिकार करण्यासाठी त्याचा काही उपयोग नाही. खाणाऱ्याला पस्तावायला लावणे एवढेच त्याचे काम. शिवाय मार्जारमीन आपला काटा उभा करून सांध्यात अडकवून ठेवू शकतो, आणि मग तो बाहेरून दाबून मिटत नाही. फटीत बसलेल्या, काटे ताठ केलेल्या माशाला ओढून काढणे म्हणजे उघडलेली छत्री बाटलीतून काढण्यासारखे आहे.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या गावी दारणेकाठी होतो. नदी आटून डोह उरले होते आणि मोठी मुले कमरेएवढ्या पाण्यात हाताने मासे चाचपत होती. मीही एका कपारीत हात घातला, गुळगुळीत काहीतरी लागले आणि आनंदाने मूठ आवळली. ती शिंगटी होती. अंगठ्याच्या बुडाशी काटा शिरला आणि कोपरापर्यंत वीज गेल्यासारखे झाले. मी बोंब ठोकत घरी आलो तेव्हा मामाने आधी हसून घेतले. "अरे, शिंगटीला कोणी मुठीत धरतं का? तिला डोक्यामागून, दोन बोटांत धरायचं असतं," असे म्हणत त्याने अंगणातल्या बंबातले कढत पाणी तपेलीत काढले, त्यात जरा गार पाणी घालून स्वतःचे बोट बुडवून पाहिले, आणि माझा हात त्यात दाबून धरला. पाऊण तासाने ठणका उतरला. माशांच्या काट्यांवर सोसवेल इतक्या गरम पाण्याचा हाच उपाय डॉक्टरही सांगतात, कारण अशी विषे प्रथिनांची असतात आणि उष्णतेने निष्प्रभ होतात, हे मला पुढे महाविद्यालयात कळले. मामाला प्रथिने माहीत नव्हती. बंब माहीत होता.

पण आकाझाविषयी मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट विषाची नाही, ती दोन शब्दांची आहे. जपानमध्ये नदीचा अभ्यास करणारे तळाच्या दगडांचे दोन प्रकार करतात. एक उकीइशी, म्हणजे शब्दशः तरंगता दगड. दुसरा हामारीइशी, म्हणजे रुतून बसलेला दगड. तरंगता म्हणजे पाण्यावर तरंगणारा नव्हे. दुसऱ्या दगडांवर टेकलेला, खाली पोकळी असलेला, हाताने हलवला तर हलणारा. रुतलेला म्हणजे ज्याच्या भोवतीच्या फटी वाळूने आणि गाळाने भरून गेल्या आहेत असा. वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. काठावर उभे राहून फोटो काढला तर नदी तीच, पाणी तेच, गोटेही तेवढेच. पण पहिल्या प्रकारच्या तळात आकाझाचे बिऱ्हाड असते आणि दुसऱ्या प्रकारच्या तळात ते असूच शकत नाही. आपल्याकडे सुटा धोंडा आणि रुतलेला धोंडा असे म्हणता येईल, पण नदीचे आरोग्य या दोन शब्दांत तोलण्याची सवय आपल्याला नाही. त्यांना ती आहे, याचा मला थोडा हेवा वाटला.

सुट्या धोंड्याचे महत्त्व विणीच्या वेळी आणखी वाढते. मे-जूनच्या सुमारास मादी दगडाखालच्या पोकळीत अंडी घालते. ती चिकट, पारदर्शक गोळ्यात एकत्र असतात, आकाराने मोठी आणि संख्येने थोडी. त्यानंतरची राखण नराकडे असते. गोळ्याशेजारी तो ठाण मांडून बसतो आणि अंडी फुटेपर्यंत हलत नाही. रोहू-कटल्यासारखे मासे लाखांनी अंडी सोडून देतात आणि त्यातली काही तरी जगतील या भरवशावर असतात. त्यांच्याकडे तो भरवसा ठेवण्याइतकी अंडीही असतात. आकाझाकडे नाहीत. त्याचे सगळे भांडवल एका गोळ्यात आणि तो गोळा एका दगडाखाली. ओढ्यात उतरलेल्या कोणी गंमत म्हणून तो दगड उलटा केला, तर त्या वर्षीचा त्या नराचा हिशेब तिथेच मिटतो.

जपानच्या पर्यावरण मंत्रालयाच्या लाल यादीत आकाझा 'असुरक्षित' या वर्गात आहे. कारणे वाचताना कोठेच धक्का बसत नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो. डोंगर खचू नयेत म्हणून ओढ्यांवर बांधलेले बांध, ज्यांना तेथे साबो म्हणतात, माशाला वर जाऊ देत नाहीत. धरणे मोठे गोटे वरच अडवून ठेवतात, आणि पूर अडल्यामुळे खालच्या फटींतला बारीक गाळ धुऊन नेणारे पाणीही येत नाही. काठ आणि तळ काँक्रीटने सरळ केले की पोकळी नावाची गोष्टच शिल्लक राहत नाही. पूर म्हणजे नदीची झाडलोट असते, हे वाक्य मी आजवर नुसते अलंकारिक समजत होतो.

नाशिकमध्ये आपण पूर मोजतो तो दुतोंड्या मारुतीवर. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीशी आले, अशा बातम्या घरोघरी फोनवरून फिरतात, आणि मीही त्या तितक्याच उत्साहाने पुढे सांगतो. पाणी किती वर चढले याचे माप आपल्याकडे असे देवासारखे उभे आहे. पाण्याखाली काय झाले याचे माप नाही. रामकुंडाच्या परिसरात पात्रात ओतलेल्या काँक्रीटवर गावात बरीच वर्षे वाद चालू आहे, आणि त्यात कुंडांचे आणि जिवंत झऱ्यांचे मुद्दे योग्यच मांडले जातात. पण तळाच्या दगडाखाली कोणी राहत होते का, हा प्रश्न त्या वादात मी तरी ऐकलेला नाही. मलाही तो काकामिगाहाराला जाऊन यावे लागले तेव्हा सुचला, हे कबूल करतो.

कोरियात या माशांचे प्रस्थ जपानपेक्षा मोठे आहे. तेथे लिओबॅग्रस या एकाच प्रजातीच्या अनेक जाती आहेत आणि त्यांना सामान्य माणसाच्या तोंडची नावे आहेत: हान नदीच्या खोऱ्यातला तुंगारी, दक्षिणेकडच्या नद्यांतला जागासारी, आणि या दोघांच्या मधला, अंगाने जरा गुबगुबीत असा तुंगसारी. तुंगारीचा नदीतल्या इतर माशांबरोबर झणझणीत रस्साही करतात, तेव्हा काट्यांचे विष तेथील खवय्यांना आवरू शकलेले नाही. हे मासे एकमेकांसारखे इतके दिसतात, की ओळखताना वरचा जबडा पुढे आहे की दोन्ही सारखे, आणि छातीच्या काट्याला किती दात आहेत, हे पाहावे लागते. तुंगसारी ही निराळी जात आहे हे 1987 पर्यंत कोणी मांडले नव्हते. आज तिला कोरियात धोक्यातील प्राण्यांच्या पहिल्या वर्गाचे कायदेशीर संरक्षण आहे. पुढे 2010 मध्ये सोमजिन नदीतली आणि 2015 मध्ये ह्योंगसान नदीतली अशा आणखी दोन जाती वेगळ्या काढल्या गेल्या.

एका लहानशा देशात एवढ्या जाती कशा, याचे उत्तर पुन्हा त्या फटीपाशीच येते. हा मासा डोंगर ओलांडू शकत नाही आणि समुद्रातूनही जाऊ शकत नाही. खालच्या मैदानातली संथ, गाळाची नदीही त्याला जवळजवळ समुद्रासारखीच परकी. म्हणजे दोन नद्या मुखाशी शेजारी असल्या तरी त्यांच्या उगमांकडचे मासे एकमेकांना हजारो वर्षे भेटत नाहीत, आणि प्रत्येक खोरे आपापला मासा घडवत बसते. आपल्याकडे दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. चीनमध्येही गेल्या काही वर्षांत अशाच नव्या जाती एकामागून एक नोंदवल्या जात आहेत, आणि तेथील ग्वांगशी प्रांतात तर याच कुळाची शिउरेनबॅग्रस ही निराळी प्रजाती आहे. याच्या उलट टोकाला युन्नानमधल्या दियेनची सरोवरातला लिओबॅग्रस किंगी: 1935 मध्ये त्याला नाव मिळाले, आणि आता तो फारच दुर्मीळ झाला आहे. ज्याचे घर एकच, त्याचे घर गेले की त्याला दुसरा पत्ता नसतो.

या कुळातला भारतातला प्रतिनिधी म्हणजे ॲम्ब्लिसेप्स. त्याची पहिली ओळखलेली जात 1822 मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथात नोंदवली. हिमालयाच्या पायथ्याच्या आणि ईशान्येच्या ओढ्यांत हे मासे आहेत. आपल्या गोदावरीत ते नाहीत. तेव्हा आकाझाचा सख्खा भाऊ मला नाशिकला भेटणार नव्हता. पण लांबचा नातलग आहे, आणि त्याची गोष्ट आकाझाइतकीच रंगतदार आहे.

गोदावरी आणि कृष्णेच्या खोऱ्यांतील वाहत्या, खडकाळ पाण्यात ग्लिप्टोथोरॅक्स नावाचे लहान मार्जारमीन आहेत. त्यांतल्या लोनाह या जातीचे वर्णन कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवरील आपल्या लेखनात 1839 मध्ये केले. या साइक्सची एक गोष्ट मला फार भावते. त्याने माशांना नावे देताना लॅटिन पंडिताला विचारले नाही, इथल्या मासेमाऱ्यांच्या तोंडचे शब्द उचलले. शिंगटी, घोगरा, खुद्री, कोलुस असे आपले शब्द त्यामुळे वेडेवाकडे का होईना, पण जगभरच्या शास्त्रीय सूचींत जाऊन बसले आहेत. ग्लिप्टोथोरॅक्स मात्र फटीवर विसंबून राहत नाही. त्याच्या छातीखाली कातडीच्या उभ्या, बारीक चुण्या असतात, नऊवारीच्या निऱ्यांसारख्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या चुण्यांवर टोकदार काटेरी पेशींची दाटी दिसते. ही छाती ओल्या कातळावर दाबली की मासा धारेतही उघड्यावर चिकटून राहू शकतो. एकच अडचण, दोन उत्तरे: एकाने दगडाखाली जागा शोधली, दुसऱ्याने दगडालाच धरून ठेवले.

छातीला चुण्या असलेले हे मासे हिमालयातही आहेत आणि सह्याद्रीतही, मग मधल्या सपाट, उष्ण प्रदेशातून ते इकडे आले कसे? सुंदरलाल होरा यांनी या प्रश्नावर आयुष्याचा मोठा भाग घालवला. 1896 मध्ये जन्मलेले होरा पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि 1955 मध्ये, पदावर असतानाच, वारले. डोंगरी ओढ्यांतील माशांची अंगे प्रवाहाने कशी घडवली हा त्यांचा खास विषय. त्यांचे म्हणणे असे, की पूर्वी कधीतरी आसामच्या बाजूने विंध्य-सातपुड्याची रांग सलग आणि आजच्यापेक्षा थंड व ओली असावी, आणि खळाळातले मासे ओढ्याओढ्याने त्या रांगेवरून पश्चिमेला सरकत सह्याद्रीत पोहोचले असावेत. हीच सातपुडा परिकल्पना. पुढच्या भूशास्त्रज्ञांनी आणि जनुके तपासणाऱ्यांनी तिच्यावर बरेच आक्षेप घेतले, आणि आज ती जशीच्या तशी मानणारे थोडे आहेत. तरीही सातमाळ्याच्या एखाद्या किल्ल्यावरून उत्तरेकडे पाहताना, तापीच्या पलीकडे सातपुडा आहे हे ठाऊक असताना, बोटभर माशांची ती वाटचाल मनातल्या मनात आखून पाहण्याचा मोह मला आवरत नाही. चुकीचा ठरलेला विचारही कधी कधी नकाशा नीट पाहायला शिकवतो.

ऑक्टोबरच्या अखेरीस, पाऊस ओसरून ओढे निवळले तेव्हा अंजनेरीच्या पायथ्याशी गेलो. हेतू अगदी साधा होता. ग्लिप्टोथोरॅक्स दिसेल अशी आशा नव्हती. पण धोंडे सुटे आहेत की रुतलेले, हे तर हाताने पाहता येते. पँट दुमडून मी गुडघाभर पाण्यात उतरलो. आधी वरच्या अंगाला, जिथे ओढा कातळावरून पायऱ्यापायऱ्यांनी येतो, तिथे वीस धोंडे निवडले. निवडताना लबाडी होऊ नये म्हणून दर दोन पावलांवर पायाशी येईल तो, असा नियम ठेवला. फक्त किंचित हलवून पाहायचे, उलटायचे नाही. त्यातले चौदा हलले. एकाच्या खालून चिमुकला खेकडा निघाला, एकाच्या बुडाला कॅडिसच्या अळीने वाळूचे कण चिकटवून बांधलेले नळकांडे होते, आणि एकदा पायाला काहीतरी गुळगुळीत चाटून गेले ते काय होते हे शेवटपर्यंत कळले नाही.

तेवढ्यात काठावरून आवाज आला, "सर, काय हरवलं का?" गळ्यात टॉवेल, हातात लहान जाळे, वय माझ्याएवढेच. काही हरवले नाही, दगड हलतात का ते बघतोय, असे सांगितल्यावर तो मनुष्य थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "हलवा, पण परत होता तसा ठेवा बरं का. उद्या मलाच यायचंय इथं." मासे पूर्वीसारखे मिळतात का, असे विचारल्यावर त्याने जाळ्यानेच खालची दिशा दाखवली. "वर मिळतात थोडे. चढणीच्या वेळी बरे मिळतात. तिकडं खाली, बंधाऱ्याच्या कामाची माती आली तेव्हापासून नाही."

खाली गेलो. ओढ्याच्या काठाने नव्या कामाचा मुरूम पावसाने धुऊन पात्रात उतरलेला होता. काम कोणाचे, हे मी विचारले नाही. पाणी मात्र वरच्याइतकेच स्वच्छ होते, काचेसारखे, आणि एखादा सहलीचा फोटो काढावा इतका तो भाग सुंदर दिसत होता. पुन्हा वीस धोंडे, पुन्हा दर दोन पावलांवर. पहिले चार हललेच नाहीत. पाचव्याच्या कडेला बोटे घालून पाहिली तर नखांत तांबूस, पिठासारखा गाळ आला. सातवा हलला. वीस पूर्ण झाले तेव्हा हललेले धोंडे तीन होते.

घरी येऊन हे आकडे मुलीला कळवले. तिचा नातवाच्या आवाजात निरोप आला, की आजोबांनी पाण्यात एकट्याने जायचे नाही, आणि त्या टाकीतला तांबडा मासा त्याला परवा दिसला. दोनदा दिसला, पण त्यासाठी खूप वेळ थांबावे लागले.